विश्लेषण : छोट्या मोटरबोटीचा इंधन-काटा का चुकतो?

गाडीचा पेट्रोल-काटा लाल रेषेवर आला तरी पुढच्या पंपापर्यंत पोहोचू, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. छोट्या मोटरबोटीत मात्र काटा पाव टाकी दाखवत असतानाच इंजिन आचके देऊन बंद पडू शकते. काटा बिघडलेला असेलच असे नाही. तो नवा असेल, वायरिंग चोख असेल, तरीही चुकू शकतो. आणि या चुका दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. टाकीत आहे त्यापेक्षा जास्त इंधन दाखवण्याकडेच त्यांचा कल असतो. असे का होते आणि बोट चालवणाऱ्याने भरवसा कशावर ठेवायचा, याचे हे विश्लेषण.

आत्ताच हा प्रश्न का?

पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. १ ऑगस्टपासून बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. पाठोपाठ सप्टेंबरपासून मालवण, तारकर्ली, अलिबाग, गोवा येथील पर्यटन बोटीही सुरू होतात. म्हणजे दोन-तीन महिने किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या टाक्या, वायरी आणि काटे एकदम कामाला लागतात. खाऱ्या दमट हवेने या काळात त्यांचे काय केले, हे पहिल्या फेरीतच कळते.

दुसरे कारण पेट्रोलचे आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० सालासाठीचे उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढले आणि २०२५ मध्येच ते गाठल्याचे जाहीर केले. देशभरातील पंपांवर आता ‘ई-२०’ हेच सर्वसाधारण पेट्रोल आहे. त्यावर वाद झाला तो मोटारी आणि दुचाकींच्या मायलेजवरून. त्याच पंपावरून कॅन भरून नेणाऱ्या आउटबोर्ड इंजिनवाल्या बोटींचा विषय त्या वादात जवळपास निघालाच नाही.

तिसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रह ट्रान्सपॉन्डर योजनेचाही प्रारंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ही यंत्रे बसवण्याची ही सुमारे ३६० कोटी रुपयांची योजना आहे. बोट कुठे आहे, हे आता उपग्रहाला कळणार. त्याच बोटीच्या टाकीत किती लिटर उरले आहे, हे मात्र अनेकदा काठी बुडवूनच पाहावे लागते.

काटा नेमके काय मोजतो?

लिटर मोजत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. टाकीत एका दांड्याच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. इंधनाची पातळी खाली-वर झाली की दांडा हलतो आणि त्याला जोडलेला विद्युत रोध कमी-जास्त होतो. या भागाला ‘सेंडर’ म्हणतात. सेंडरकडून एक वायर डॅशबोर्डवरील काट्याकडे येते आणि रोध किती आहे त्यानुसार काटा फिरतो. म्हणजे या सगळ्या यंत्रणेला कळते ते एवढेच, की टाकीतल्या एका जागी, या क्षणी, फ्लोट किती उंचीवर आहे.

गाडीतही मूळ तत्त्व हेच असते. पण गाडीची टाकी रस्त्याबरोबर साधारण आडवी राहते. शिवाय आजच्या गाड्यांत सेंडरचा आकडा थेट काट्याकडे जात नाही. मध्ये संगणक असतो. त्याला त्या मॉडेलच्या टाकीचा आकार ठाऊक असतो आणि वळणावर, चढावर होणारी हलचल तो सरासरी काढून झाकून टाकतो. छोट्या बोटीत टाकी एका कंपनीची, सेंडर दुसऱ्याचा, काटा तिसऱ्याचा आणि ते एकत्र जोडणारा मेकॅनिक चौथा असतो. या चौघांचे आपसात बोलणे झालेले नसते.

अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे?

टाकी चौकोनी डब्यासारखी असेल तरच. अनेक बोटींत टाकी तळाखालच्या पोकळीत बसवतात. बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा उतरता असतो आणि जागा वाया जाऊ नये म्हणून टाकीही तशीच खाली निमुळती केलेली असते. इथे शाळेतली भूमिती आठवावी. त्रिकोणाची उंची निम्मी झाली की क्षेत्रफळ निम्मे नव्हे, पाव होते.

समजा, टाकी पूर्ण निमुळती आहे आणि क्षमता १०० लिटर आहे. फ्लोट निम्म्या उंचीवर आला की काटा ‘अर्धी’ दाखवेल. टाकीत असतील २५ लिटर. काटा ‘पाव’वर आला की उरले असतील जेमतेम ६ लिटर. प्रत्यक्षातल्या टाक्या इतक्या टोकदार नसतात. तळाला थोडा सपाट भाग असतो आणि वरचा भाग सरळ भिंतींचा असतो, त्यामुळे फरक कमी होतो. पण तो याच दिशेने राहतो. पहिली अर्धी टाकी खूप वेळ पुरते आणि दुसरी भराभर संपते. ‘काटा वर असतो तोवर हलतच नाही, मग एकदम पडतो’ ही बोटवाल्यांची तक्रार ऐकली, की काट्यापेक्षा टाकीच्या आकाराचा संशय आधी घ्यावा.

यात आणखी एक वजाबाकी राहते. इंजिनकडे इंधन नेणारी नळी तळाला टेकलेली नसते. तळाचा गाळ, पाणी ओढले जाऊ नये म्हणून ती थोडी वर ठेवतात. १.२ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशा सपाट टाकीत नळी तळापासून अडीच सेंटीमीटर वर असेल, तर तिच्याखाली १५ लिटर इंधन राहते. ते टाकीत आहे, पैसे देऊन भरलेले आहे, फ्लोटला ते कदाचित दिसतेही. पण इंजिनच्या दृष्टीने ते नाहीच. टाकीवर छापलेली क्षमता आणि वापरता येणारी क्षमता यांत हा फरक आहे आणि बोट विकताना तो सहसा कुणी सांगत नाही.

बोट धावू लागली की काय बदलते?

वेग घेताना बोट नाक वर करते. टाकीतले इंधन मागे सरकते. वर सांगितलेली १.२ मीटरची टाकी फक्त ४ अंशांनी कलली, तरी तिच्या दोन टोकांच्या पातळीत ८ सेंटीमीटरहून अधिक फरक पडतो. टाकीची खोली ३० सेंटीमीटर असेल तर हा फरक पाव टाकीहून जास्त झाला. सेंडर बरोबर मध्यभागी असेल तर त्याला हा कल फारसा जाणवत नाही. म्हणून चांगले टाकी बनवणारे सेंडर मध्येच बसवतात. पण मागाहून बसवलेल्या सेंडरला जिथे झाकणाखाली हात जातो, तीच जागा मिळते. बहुधा मागची. मग बोट धावत असताना काटा चढतो आणि थांबली की उतरतो.

इंधन ओढणारी नळीही बहुधा टाकीच्या मागच्या टोकाला असते. नाक वर करून धावताना इंधन तिच्याकडेच येते, त्यामुळे अडचण येत नाही. अडचण येते ती बोट हळू झाल्यावर. मागून लाटा येत असतील, बोट नाक खाली घालून लाटेवरून उतरत असेल आणि टाकीत थोडेच इंधन असेल, तर ते पुढे पळते आणि नळी हवा ओढते. खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात आणि इंजिनची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तिथे असे होऊ शकते. म्हणून काटा पाहायचाच असेल तर बोट थांबवून, दोन मिनिटे स्थिर होऊ देऊन, माणसे नेहमीच्या जागी बसलेली असताना पाहावा. धावत्या बोटीतला काटा हा लाटांचा आलेख असतो.

गंज काटा वर नेतो की खाली?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. बाजारात सेंडरच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना रोध सुमारे २४० ओहम असतो आणि भरलेली असताना सुमारे ३३ ओहम. युरोपीय पद्धतीत उलटे असते. रिकामी असताना १० ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि भरलेली असताना सुमारे १८० ते १९०.

समुद्रावर खारी हवा जोडांवर गंज चढवते, हिरवट थर साचतो, अर्थची वायर सैल होते. या प्रत्येक बिघाडाचा परिणाम एकच असतो. मार्गातला रोध वाढतो. अमेरिकी पद्धतीत रोध वाढला की काटा ‘रिकामी’कडे सरकतो आणि वायर पूर्ण तुटली तर थेट रिकामीवर जाऊन बसतो. चालक घाबरतो, टाकी उघडून पाहतो, शिव्या देतो, पण सुखरूप असतो. युरोपीय पद्धतीत तोच गंज काटा ‘भरलेली’कडे नेतो आणि वायर तुटली तर टाकी फुल्ल दिसते. एकच गंज, एकच तुटलेली वायर. एका बोटीत ती सावध करते, दुसऱ्या बोटीत गाफील ठेवते.

आपल्याकडे दोन्ही पद्धतींचे सुटे भाग मिळतात आणि ऑनलाइन मागवताना बरेच जण डबीवरचे ओहमचे आकडे पाहतच नाहीत. एका पद्धतीचा सेंडर आणि दुसऱ्या पद्धतीचा काटा जोडला तर काटा उलटा चालतो. टाकी रिकामी होत जाते तसा तो चढतो. हा गोंधळ निदान पहिल्याच दिवशी लक्षात येतो. जास्त वाईट तो काटा, जो साधारण बरोबर दिशेने फिरतो आणि २०-२५ टक्क्यांनी चुकतो. त्याच्यावर विश्वास बसतो.

विमानातही असे घडले आहे?

‘एवढ्या छोट्या गोष्टीने काय होते’ असे वाटत असेल तर ६ ऑगस्ट २००५ ची घटना पाहावी. ट्युनइंटर कंपनीचे एटीआर-७२ विमान इटलीतील बारीहून ट्युनिशियातील जेर्बाकडे निघाले होते. त्याआधी त्याचा इंधन-दर्शक बदलण्यात आला होता आणि बसवलेला दर्शक एटीआर-४२ या लहान विमानाचा होता. जागेत तो चपखल बसला. पण त्या विमानाच्या टाक्या वेगळ्या, त्यामुळे तो असलेल्या इंधनापेक्षा जास्त दाखवत राहिला. वैमानिकांच्या मते पुरेसे इंधन होते. दोन्ही इंजिने बंद पडली आणि सिसिलीतील पालेर्मोजवळ विमान समुद्रात उतरवावे लागले. ३९ पैकी १६ जणांचा मृत्यू झाला.

टाकीशी न जुळणारा दर्शक म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण नाही. विमान वाहतुकीत निदान चौकशी होते, अहवाल निघतो, नियम बदलतात. छोट्या बोटीच्या बाबतीत ‘तेल संपले होते’ एवढ्यावर विषय मिटतो.

ई-२० ने काय फरक पडतो?

पहिला फरक पल्ल्याचा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणात त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. गाडीत याचा अर्थ थोडे लवकर पंपावर जावे लागते. बोटीत याचा अर्थ, जुन्या सवयीने भरलेल्या तेवढ्याच कॅनमध्ये पल्ला घटतो. ही घट फार मोठी नाही. पण ती काट्याच्या बाकी चुकांच्याच बाजूला जाऊन बसते.

दुसरा फरक पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर करतात. इंधनाची नळीही तिथेच असते. यात दमट हवेला नेहमी दोष दिला जातो, पण हवेतून येणारे पाणी थोडेच. टाकीच्या टोपणाची रबरी रिंग सडलेली असते आणि तिथून पावसाचे पाणी थेट आत झिरपते, हे मुख्य कारण असते. कोकणातला पाऊस अंगावर घेत दोन महिने उभ्या असलेल्या बोटीत ते सहज होते. फ्लोटला पाणी आणि पेट्रोल यांतला फरक कळत नाही. तळाला पाच लिटर पाणी असेल तर काट्याच्या हिशेबात तेही इंधनच.

तिसरा फरक सेन्सरचा. काही महागड्या बोटींत फ्लोटऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. त्यात हलणारा भाग नाही, म्हणून तो टिकाऊ मानला जातो. पण तो द्रवाच्या विद्युत गुणधर्मावर चालतो. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण २, इथेनॉलचा सुमारे २५ आणि पाण्याचा ८० च्या आसपास. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या सेन्सरला इथेनॉल मिसळलेले इंधन ‘जास्त’ वाटते. पुन्हा चूक त्याच बाजूला.

बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. अमेरिकेत तर १५ टक्के मिश्रणाचे पेट्रोल बोटीच्या इंजिनात वापरण्यास मनाई आहे. आपल्याकडे बोटवाल्याने काय करावे, याबद्दल त्याला पंपावर उत्तर मिळत नाही. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या, गॅस्केट यांवर परिणाम होतो का, हा स्वतंत्र विषय आहे. इथे मुद्दा एवढाच, की पावसाळ्यात पडून राहिलेले पेट्रोल हंगामाच्या पहिल्या दिवशी तसेच वापरू नये. तळाचा नमुना पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास ठेवला तर पाण्याचा थर असल्यास डोळ्यांनी दिसतो.

इंधन संपले तर फक्त उशीरच होतो ना?

शांत समुद्रात, मोबाइलला रेंज असताना, दुसरी बोट जवळ असेल तर तेवढेच होते. पण इंजिन बंद पडलेली छोटी बोट वाऱ्याला आडवी होते आणि लाटा कडेवर आदळू लागतात. ती कुठे जाईल हे वेळेवर ठरते. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणजे बंद बोट किनाऱ्याकडे ढकलली जाते. हे बरे वाटेल, पण किनारा म्हणजे वाळूच असते असे नाही. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक पसरलेले आहेत. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. पहाटे जाळी काढायला गेलेली बोट बंद पडली तर ती आत, खोल पाण्याकडे जाते.

डिझेल इंजिनात आणखी एक त्रास आहे. टाकी एकदा कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते. नंतर कॅनमधून डिझेल ओतले तरी इंजिन चालू होत नाही. फिल्टर आणि पंपाचे स्क्रू ढिले करून हवा काढावी लागते. किनाऱ्यावर हे काही मिनिटांचे काम आहे. हेलकावणाऱ्या बोटीत, तेलकट हातांनी, अंधारात ते वेगळेच होते. पेट्रोलच्या बाबतीत धोका आगीचा. लाटांत कॅन तिरपा करून टाकीत ओतताना पेट्रोल सांडते, वाफ तळाशी साचते आणि मग कुणीतरी इंजिनचे बटण दाबतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

घड्याळावर आणि वहीवर. ऐकायला जुनाट वाटते, पण आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवलेल्या बहुतेक गोष्टींपेक्षा ही पद्धत जास्त उपयोगाची आहे. सकाळी टाकी एका खुणेपर्यंत भरायची. इंजिन किती वेळ चालले ते लिहायचे. संध्याकाळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती लिटर लागले ते पंपाच्या आकड्यावरून लिहायचे. ३ तास २० मिनिटांना ४० लिटर लागले तर ताशी १२ लिटर. असे सहा-सात दिवस करायचे. माणसे भरलेली असताना, वारा समोरून असताना, जाळी ओली होऊन जड झालेली असताना. मग हिशेबाला सरासरी नव्हे, सर्वांत वाईट आकडा धरायचा.

वही नसेल तेव्हा ढोबळ अंदाज असा आहे. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण ०.३ ते ०.४ लिटर पिते. जुने कार्ब्युरेटरवाले टू-स्ट्रोक त्याहून जास्त. म्हणजे ४० अश्वशक्तीचे इंजिन ताशी १२ ते १६ लिटर. २४ लिटरची सुटी टाकी जोरात चालवल्यास दीड ते दोन तासांत संपते.

जगभरचे नाविक तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात. एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. १०० लिटरच्या टाकीत १० लिटर न वापरता येणारे धरले तर उरले ९०. जाण्यासाठी ३० लिटर. ताशी १२ लिटरने अडीच तास. अडीच तास झाले की काटा काहीही म्हणो, परत फिरायचे.

यावर बोटवाल्यांचा आक्षेप पैशांचा असतो आणि तो समजण्यासारखा आहे. मासेमारीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो आणि पर्यटनाच्या फेरीत नफा किती, हे बऱ्याचदा इंधनावरच ठरते. पण राखीव तिसरा हिस्सा खर्च होत नाही. तो रोज परत येतो. तो पहिल्या दिवशी विकत घ्यावा लागतो आणि वाहून न्यावा लागतो, एवढाच त्याचा खर्च. टाकीत महिनोन् महिने तेच पेट्रोल राहणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

सुटी टाकी वापरणाऱ्यांसाठी आणखी सोपा उपाय आहे. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते. टाकी रिकामी असताना मासळीच्या वजनकाट्यावर एकदा तोलून तो आकडा टाकीवरच रंगवून ठेवावा. नंतर कधीही वजन करून, रिकामे वजन वजा करून, पाऊणाने भागले की लिटर हाती येतात. टाकीच्या टोपणातल्या छोट्या काट्यापेक्षा हा मासळीचा काटा कितीतरी नेमका आहे.

असलेला काटा सुधारता येतो का?

निदान ओळखीचा करता येतो. टाकी पूर्ण रिकामी करायची, बोट पाण्यात असताना, ट्रॉलीवर नव्हे, कारण पाण्यात तिचा कल वेगळा असतो. मग दहा-दहा लिटर मोजून ओतायचे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते काचेशेजारी पट्टी चिकटवून त्यावर लिहायचे. ‘अर्धी’च्या जागी ‘२८ लिटर’ असे खरे आकडे येतात. अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर काट्याचे खोटे निदान मोजलेले असते.

काटाच बिघडला आहे की सेंडर, हेही तपासता येते. सेंडरची वायर काट्याकडून सोडवली की काटा एका टोकाला जायला हवा आणि तीच वायरची जागा अर्थला जोडली की दुसऱ्या टोकाला. दोन्ही वेळा तो नीट फिरला तर काटा चांगला आहे. दोष सेंडरमध्ये किंवा वायरीत. ही तपासणी डॅशबोर्डपाशी करावी. टाकीपाशी, बंद झाकणाखाली पेट्रोलची वाफ असताना ठिणगी उडेल असे काही करू नये. आणि नवा सेंडर घेताना दुकानदाराला टाकीची खोली आणि ओहमचे दोन्ही आकडे सांगावेत. ‘यामाहाचा द्या’ एवढे पुरत नाही.

महागड्या यंत्रांनी प्रश्न सुटतो का?

बराच. नळीच्या आत सरकणारा फ्लोट आणि रीड स्विच असलेले सेंडर पायऱ्यापायऱ्यांनी वाचन देतात, पण त्यांत घासणारा उघडा भाग नसल्याने ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात. नवी फ्युएल-इंजेक्शन आउटबोर्ड इंजिने तर प्रत्येक क्षणी किती इंधन जळते हे स्वतःच मोजतात आणि ते आकडे ‘एनएमईए २०००’ या जाळ्यावरून पडद्यावर दाखवतात. जळालेले इंधन मोजणे हे उरलेले इंधन मोजण्यापेक्षा नेहमीच सोपे. त्याला टाकीचा आकार, बोटीचा कल, लाटा यांच्याशी कर्तव्य नसते.

पण हे यंत्र वजाबाकीच करते. सुरुवातीला टाकीत किती होते, ते माणसाने सांगायचे असते. ३० लिटर भरून ‘टाकी फुल्ल’ हे बटण दाबले, की पुढचा सगळा हिशेब दशांश चिन्हासह चुकीचा येतो. नळी गळत असेल तर गळलेले इंधन त्याच्या हिशेबात नाही. शिवाय अशी व्यवस्था मुंबई-मांडवा मार्गावरच्या स्पीडबोटीला परवडेल. एका सुट्या टाकीवर चालणाऱ्या फायबर होडीला नाही.

तपासणीत हे पाहिले जाते का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. त्या दुर्घटनेचा इंधनाशी संबंध नव्हता. पण त्यानंतर प्रवासी बोटींवरील लाइफ जॅकेट आणि प्रवासी संख्या यांबाबत कडक भूमिका घेतली गेली. ते आवश्यकच होते. लाइफ जॅकेट मोजता येतात, प्रवासी मोजता येतात, त्यामुळे तपासणी तिथे जाते. बोट ताशी किती लिटर पिते आणि टाकीत वापरता येण्याजोगे किती आहे, हे दोन प्रश्न विचारायला कसलेही उपकरण लागत नाही. हंगामापूर्वीच्या तपासणीत ते विचारले आणि उत्तर बोटीवर रंगवायला सांगितले, तर खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे.

तोवर प्रवाशांनीही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. डॉल्फिन दाखवायला नेणारा बोटवाला ‘दादा, तेल किती आहे?’ यावर ‘भरपूर’ म्हणतो की ‘चाळीस लिटर’ म्हणतो, यावरून पुष्कळ कळते.

आणि बोट बंद पडलीच तर सर्वांत आधी नांगर टाकावा, पाणी उथळ असेल तर ती तिथेच धरून राहते. लाइफ जॅकेट तेव्हाच घालावीत, बोट हेलकावू लागल्यावर नव्हे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. व्हीएचएफ संच असेल तर चॅनेल १६. ट्रान्सपॉन्डर असेल तर त्यावरून संदेश पाठवावा. सांगताना बोटीचे नाव, माणसांची संख्या, जीपीएसवरील स्थान आणि बोट कोणत्या दिशेला वाहत आहे, हे चार तपशील आधी द्यावेत. मोबाइलच्या नकाशातून स्थान मिळते, पण रेंज जाण्यापूर्वी ते कागदावर लिहून ठेवावे.